मेव्हिस डाउसचं हरिकेन

मेव्हिस डाउस आयुष्यभर बस चालवत होती. आमच्या हॅल्टर्बीच्या आगारात स्टीअरिंगवर बसलेली पहिली बाई तीच. धुक्यात रस्ता आणि पाण्याचा चर यांतला फरक कळेनासा झाला की बाकीचे ड्रायव्हर गाडी लावून टाकायचे. मेव्हिस मात्र खिडकीतून डोकं बाहेर काढून शाळेच्या मुलांना घरोघर पोचवायची. एकदा बर्फात चाक रुतलं, तर तिने सगळ्यांना खाली उतरवून बस ढकलायला लावली. ढकलणाऱ्यांत शाळेचे मुख्याध्यापकही होते. ते बूट वाचवत मागेमागे रेंगाळत होते, तर ही आरशात बघून ओरडली, "ते टायवाले नुसता हात ठेवून उभे आहेत. जोर लावा म्हणावं."

तिचा नवरा क्लिफ वीज मंडळात लाइनमन होता. स्वभावाने अगदी उलटा. कमी बोलायचा, हळू बोलायचा, आणि कामावरून आला की जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून प्लास्टिकची विमानं जुळवायचा. इंग्लंडमधल्या आमच्या लिंकनशायरमध्ये यात नवल काही नाही. दुसऱ्या महायुद्धात इथे जागोजाग धावपट्ट्या होत्या. आता तिथे बटाटे आणि कोबी पिकतो, पण उन्हाळ्यात जतन केलेली जुनी लढाऊ विमानं आजही आमच्या डोक्यावरून जातात आणि माणसं हातातलं काम टाकून वर बघतात. आमचा मॉडेल क्लब चर्चच्या मागच्या खोलीत भरतो. मी त्याचा चिटणीस, आणि क्लिफ आमच्यातला सर्वांत चांगला हात. दर वर्षी काही ना काही बक्षीस घेऊन जायचा.

मेव्हिसला या सगळ्याचा मनस्वी कंटाळा होता. गोंदाच्या वासाने तिचं डोकं चढायचं. "लग्न झाल्यापासून मी टेबलावर जेवलेले नाही," ती मला सांगायची. "ताट मांडीवर आणि टेबलावर जर्मन विमानदल."

क्लिफची नजर गेली ती हळूहळू. मधलं दिसेनासं झालं, कडेचं तेवढं राहिलं. डॉक्टर म्हणाले, यावर उपाय नाही. तो मेव्हिसला म्हणाला, "तुझी टोपी दिसते मला. पण तू दिसत नाहीस."

"इतक्या वर्षांच्या संसारानंतर बरंच झालं की मग," मेव्हिस म्हणाली. पण ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. हे क्लिफनेच मला नंतर सांगितलं. त्याचे कान शाबूत होते.

मग एका शनिवारी क्लिफचा फोन आला. न उघडलेले सगळे खोके क्लबाला देऊन टाकायचे होते. कपाटात, पलंगाखाली, माळ्यावर साठवलेली, निवृत्तीनंतर करू म्हणून ठेवलेली विमानं. मेव्हिसच ते गाडीत घालून माझ्या दारात घेऊन आली. आम्ही दोघं खोके उतरवत होतो. ती एकेक माझ्या हातात देत होती, नाव न वाचता, जुने कपडे द्यावेत तशी. मध्येच थांबली. हातात हरिकेन या युद्धातल्या लढाऊ विमानाचा खोका होता. झाकणावर ढगांतून झेपावणारं विमान.

"हे आईचं विमान," ती म्हणाली.

मला वाटलं तिची आई वैमानिक वगैरे होती की काय. तसं नव्हतं. युद्धाच्या वर्षांत तिची आई एडना, तेव्हाची पोरसवदा मुलगी, विमानांच्या कारखान्यात शिवणकाम करायची. हरिकेनचं पुढचं अंग पत्र्याचं, पण पाठीमागचं धड लाकडी पट्ट्यांवर ताणलेल्या कापडाचं. ते कापड या मुली शिवायच्या. मग त्यावर उग्र वासाचं रोगण चढवलं की ते ढोलासारखं ताठ व्हायचं. त्या वासाने मुलींना भोवळ यायची, म्हणून कारखान्यात दूध मिळायचं.

"आई म्हणायची, आकाशात लोकांना पायलट दिसतो, मला माझे टाके दिसतात," मेव्हिस म्हणाली. मग तिने तो खोका परत गाडीत, पुढच्या सीटवर ठेवला. "बाकीचे घे तू. हा नाही."

घरी जाऊन तिने तो क्लिफच्या पुढ्यात आपटला. पुढचं मी दोघांच्याही तोंडून ऐकलं आहे, आणि दोघांचं म्हणणं फारसं जुळत नाही. पण साधारण असं झालं.

"हे काय?" क्लिफने विचारलं.

"हरिकेन. उघड आणि कामाला लाग."

"मेव्हिस, मला दिसत नाही."

"माहीत आहे. बोटं आहेत ना? आंधळे झालेत तुझे डोळे, बोटांना काय धाड भरलीये? तू जुळव, मी रंगवते."

"तू? तू खिडकीची चौकट रंगवली होतीस तेव्हा काचसुद्धा पांढरी झाली होती."

"तेव्हा माझं लक्ष नव्हतं," मेव्हिस म्हणाली. "आता आहे."

आणि काम सुरू झालं. मेव्हिस सूचनांचा कागद मोठ्याने वाचायची, थांबे पुकारावेत तसा. क्लिफ भाग चाचपून ओळखायचा. हे चाक, ही शेपटी, हा पंखा. बारीक भाग प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात, ते कापून द्यायचं काम तिचं. एक नळी तिच्या हातून उडाली ती सापडलीच नाही. शेवटी क्लिफने तारेचा तुकडा वाकवून तशीच दुसरी केली. पायलटच्या बैठकीला तिने पट्टे चिकटवले आणि विमानाचं धड बंद करून गोंद सुकल्यावर तिच्या लक्षात आलं की पट्टे उलटे लागले आहेत.

"दिसतात का बाहेरून?" क्लिफने विचारलं.

"टॉर्च मारून बघितलं तर."

"मग राहू दे. तो पायलट सांभाळून घेईल."

पण धडाच्या दोन अर्ध्या भागांचा सांधा त्याने राहू दिला नाही. एरवी आम्ही सांध्यावर पुट्टी भरतो, पॉलिश पेपरने घासतो आणि दिव्याखाली धरून रेघ दिसते का बघतो. क्लिफ बोटाचं टोक फिरवायचा. घासायचा, धुवायचा, पुन्हा फिरवायचा. मागच्या बाजूला कापडाखालच्या पट्ट्यांचे बारीक उंचवटे होते, ते घासले जाऊ नयेत म्हणून तो फार जपून काम करायचा. दुपारी मी गेलो की तो खिडकीशी बसलेला असायचा, तोंड बागेकडे, हात मांडीवर, आणि हातात ते वीतभर विमान.

"बघ," तो म्हणायचा आणि माझं बोट धरून तिथे ठेवायचा. मला काही लागायचं नाही. "नाही ना? आहे अजून. केसाएवढं." आणि पुन्हा घासायला घ्यायचा.

मग रंगाची पाळी आली. मेव्हिसने पहिला हात दिला तेव्हा क्लिफने विचारलं, "कसं दिसतंय?"

तिने विमान लांब धरून बघितलं. ती खोटं बोलत नाही. ती खोड तिला नाहीच. "खरूज झालेल्या गाईसारखं," ती म्हणाली.

क्लिफ इतका हसला की खोकला लागला. मग त्याने हात पुढे केला आणि बोट फिरवलं. "रंग जाड झालाय. कापडाच्या पट्ट्या बुजल्या. तुझ्या आईचं काम पुसलंस तू."

हे तिला लागलं. तिने सगळा रंग उतरवला. दुसऱ्यांदा ब्रशचे केस अडकले, तोही उतरवला. मग ती माझ्याकडे आली आणि स्टुलावर बसून म्हणाली, "शिकव. आणि हसलास तर चहा देणार नाही पुन्हा कधी."

मी शिकवलं ते थोडंच. रंग दुधाइतका पातळ करायचा, ब्रश अर्धाच बुडवायचा, आधीचा हात सुकू द्यायचा. बाकी तिने स्वतः केलं. दह्याच्या रिकाम्या डब्यांवर, जुन्या चमच्यांवर, आणि क्लिफच्या एका मोडक्या मॉडेलवर तिने सराव केला. हिरवा आणि मातकट तपकिरी यांच्या वळणावळणाच्या पट्ट्या जिथे भेटतात, तिथे तिचा हात सुरुवातीला अडखळायचा. एके दिवशी तिला आठवलं की बस वळवताना रस्ता जिथे जाणार तिथे बघायचं असतं, चाकाकडे नाही. त्यानंतर तिची रेघ कधी चुकली नाही.

पोटाचा फिका हिरवट निळा, पंखांवरची वर्तुळं, बाजूची अक्षरं. ही अक्षरं कागदावर छापून येतात, पाण्यात भिजवून चिकटवायची असतात. खोका जुना, त्यामुळे त्यातलं एक फाटलं. तिने ते हाताने रंगवलं. हाताने काढलेलं अक्षर कोणतं ते क्लिफने बोट फिरवून शोधलं, आणि त्याला ओळखता आलं नाही. त्या दिवशी मेव्हिसने मला फोन करून फक्त एवढंच सांगितलं, "त्याला ओळखता आलं नाही," आणि फोन ठेवून दिला.

वसंतात आमचं वार्षिक प्रदर्शन भरतं, शाळेच्या सभागृहात. लांबलांबचे क्लब येतात. त्या वर्षी मुख्य परीक्षक म्हणून शेजारच्या परगण्यातले मिस्टर थ्रॉसेल आले होते. माणूस वाईट नाही, पण नियमाचा. स्पर्धेच्या टेबलाशी त्यांनी मेव्हिसला विचारलं, "कोणाचं नाव लिहायचं?"

"क्लिफर्ड आणि मेव्हिस डाउस."

"एकच नाव चालतं, मिसेस डाउस. मॉडेल सर्वस्वी एकाच माणसाच्या हातचं हवं."

क्लिफ लगेच म्हणाला, "तिचं लिहा."

"मी रंगवलंय नुसतं," मेव्हिस म्हणाली. "सांधा कोणाचा आहे तो? माझा?"

"मग त्यांचं लिहू," थ्रॉसेल म्हणाले.

"त्याला हिरवा कुठला आणि तपकिरी कुठला तेही सांगता येत नाही. त्याचं कसं लिहिता?"

मागे रांग लागली होती. मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, "मेव्हिस, कुठलंही एक नाव घाल. कोणी विचारणार नाही. नक्की बक्षीस आहे."

"एक नाव घातलं तर ते खोटं," ती म्हणाली. "आणि खोट्याचं बक्षीस घेऊन मी करू काय? स्पर्धेबाहेरचं टेबल कुठे आहे ते दाखव."

ते टेबल चहाच्या काउंटरशेजारी होतं. तिथे तिने विमान ठेवलं, क्लिफला खुर्ची दिली आणि माझ्याकडून एक कार्ड मागून घेतलं. सभागृहभर पाट्या होत्या, हात लावू नये. मेव्हिसने मोठ्या अक्षरांत लिहिलं, "हात लावा." खाली दोघांची नावं.

"मेव्हिस, मोडतील गं," मी म्हटलं.

"मोडलं तर क्लिफ जोडेल. मी रंगवीन. त्यात आता काय राहिलंय?"

सुरुवातीला कोणी पुढे येईना. मॉडेलवाल्यांना दुसऱ्याच्या विमानाला हात लावणं म्हणजे परक्याच्या ताटात हात घालण्यासारखं. मग पांढरी काठी घेतलेली एक बाई मुलीबरोबर आली. मुलगी चहा घ्यायला गेली, तेव्हा क्लिफने कडेच्या नजरेने काठी पाहिली असावी. त्याने विमान उचलून तिच्या हातात दिलं. तिने ते सावकाश चाचपलं, नाकापासून शेपटीपर्यंत, आणि म्हणाली, "माझे वडील यांची चाकं बसवायचे. मी लहानपणापासून ऐकत आले. ते असं कुबड असलेलं असतं हे मला आज कळलं."

त्यानंतर टेबलापुढे गर्दी झाली. माणसं डोळे मिटून बोट फिरवत होती. क्लिफ, जो वर्षभर कुणाशी धड बोलला नव्हता, तो सांगत होता, "इथे पत्रा संपतो. आता कापड लागेल. लागलं? हे हिच्या आईचं काम."

दुपारी मिस्टर थ्रॉसेल आले. त्यांनी चष्मा काढला, डोळे मिटले आणि धडाच्या पाठीवरून बोट नेलं. पुन्हा नेलं. "सांधा कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे तिथेच," क्लिफ म्हणाला. "मलाही आता सापडत नाही."

"मिसेस डाउस, आज स्पर्धेत ठेवलेल्या सगळ्यांत..." थ्रॉसेल बोलता बोलता थांबले. "नियम नियम आहे."

"असू दे की," मेव्हिस म्हणाली. "माझ्या बसमध्येही होते. चहा घेणार? खायला चीजचे स्कोन आहेत, तेही संपत आलेत."

त्या दिवशी त्यांना काही मिळालं नाही. सोनेरी पदक एका स्पिटफायर विमानाला गेलं, आणि ते स्पिटफायर खरोखर चांगलं होतं. घरी परतताना मी त्यांच्या गाडीत मागे बसलो होतो. क्लिफच्या मांडीवर विमान. शेपटीचा रंग हातांनी थोडा झिजला होता, एक अँटेनाची काठी गेली होती. मेव्हिस गाडी चालवत होती, पाठ ताठ, आणि दर सिग्नलला ती त्या विमानाकडे एक नजर टाकून पुन्हा समोर बघत होती.

हिवाळ्यात क्लबाच्या सभेत थ्रॉसेल यांचं पत्र वाचलं गेलं. दोघांनी मिळून केलेल्या मॉडेलांसाठी वेगळा गट असावा आणि प्रत्येक प्रदर्शनात हात लावायचं एक टेबल असावं अशी सूचना त्यांनी केली होती. दोन्ही गोष्टी एकमताने मंजूर झाल्या. पुढच्या वसंतात त्या नव्या गटात बाप-लेकींच्या, भावाभावांच्या, इतक्या जोड्या उतरल्या की डाउस मंडळींच्या नव्या विमानाला तिसरा क्रमांक मिळाला. मेव्हिस चिडली. परीक्षकांना नजर नाही म्हणाली. क्लिफ म्हणाला, "मलाही नाही, पण पंखाखालचा तो ओघळ मला लागला होता."

"मग बोलला का नाहीस?"

"तू खुशीत होतीस."

तिसऱ्या क्रमांकाचं ते प्रशस्तिपत्र तिने चौकटीत घातलं. मी विचारलं, बैठकीच्या खोलीत का नाही लावलं. ती म्हणाली, "तिथे लोक टीव्ही बघतात. मी ते खालच्या संडासात लावलंय, बसल्यावर बरोबर समोर येईल असं. घरात आलेला माणूस तिथे एकदा तरी जातोच, आणि तिथे वाचण्याशिवाय त्याला दुसरं काही काम नसतं."