पायथ्याशी सत्कार

शाल-श्रीफळ देऊन माणसाला घरी बसवायची कला पुण्याला उत्तम साधली आहे. ती आपल्यावर चालवली जाते आहे हे कळलं, तेव्हा कुसुमताई आगाशे नारायण पेठेतल्या आपल्या घरी मेथी निवडत होत्या. सून नीरजानं मोबाइलवरचा निरोप वाचून दाखवला : पर्वती प्रभात मंडळातर्फे कुसुमताईंचा निवृत्तीनिमित्त सत्कार, रविवारी सकाळी सात, स्थळ पायथा.

"पायथा?" कुसुमताई म्हणाल्या. "वा. म्हणजे मी चढत नाही, हे आधीच ठरलं."

टपाल कचेरीतली निवृत्ती त्यांनी मुकाट्यानं घेतली होती, कारण तसा नियम होता. पर्वतीला असा नियम कुणी केला? बावीस वर्षं त्या रोज टेकडीच्या शंभरावर पायऱ्या चढत होत्या. वर ओट्यावर मंडळाची हजेरीवही असे, आणि सही वर पोचल्यावरच करायची, हा अध्यक्ष यज्ञेश्वर दात्यांचा दंडक होता. दाते बँकेतून निवृत्त झालेले. कुणाला उशीर झाला की वहीत वेळ तांबड्या शाईनं लिहीत.

मग दिवाळीच्या सुमारास, फुटपाथवरून स्कूटर हाकणाऱ्या एका शहाण्यानं कुसुमताईंना पाडलं. मांडीचं हाड मोडलं. भेटायला येणारा जो तो विचारी, "या वयात कशाला बाहेर पडता?" स्कूटरवाल्याला कुणीच काही विचारलं नाही. या एका गोष्टीनं त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जाई.

काठी घेऊन त्या घराचा जिना चढू लागल्या. पहिल्या दिवशी दोन पायऱ्या, मग पाच, मग अख्खा मजला. डॉक्टरांनी मान डोलावली तशा पर्वतीला गेल्या आणि चाळिसाव्या पायरीवर चक्कर येऊन खाली बसल्या. बातमी मंडळात पोचली. दात्यांनी वहीत त्यांच्या नावापुढे तांबड्या शाईनं 'निवृत्त' लिहून टाकलं. बाईला एक फोन करून विचारावं, एवढंही कुणाला सुचलं नाही.

कुसुमताई पुन्हा घरच्या जिन्यापासून सुरू झाल्या. महिन्याभरानं त्या नीरजाला घेऊन दुपारी पर्वतीला जाऊ लागल्या. सत्तर पायऱ्यांपर्यंत मजल गेली होती. पुढे अजून पाय नेत नव्हते.

रविवारी पायथ्याशी खुर्च्या मांडल्या होत्या. दाते म्हणाले, "ताईंनी आता विश्रांती घ्यावी. त्यांच्या वाटचं आम्ही चढू." टाळ्या पडल्या. कुसुमताईंनी शाल घडी करून नीरजाकडे दिली आणि नारळ खुर्चीवर ठेवला.

"दातेसाहेब, मला सही करायची आहे. वही वरच असेल ना?"

"आज कार्यक्रम होता, म्हणून खाली आणली," दाते पिशवी चाचपत म्हणाले.

पायरीशी फुलं विकणाऱ्या सरुबाईला राहवलं नाही. "आजच कशापायी? पाच म्हैनं झालं, वही हितंच हाय की. सायब हितंच सही करत्यात आन् च्या पिऊन जात्यात."

दात्यांचा हात नकळत दुखऱ्या गुडघ्यावर गेला. कुसुमताईंना खरा संताप आला तो तेव्हा. स्वतःचे गुडघे दुखत होते, तर तसं सांगायचं. ते लपवायचं आणि दुसऱ्याला निवृत्त करायचं, हा कुठला न्याय?

"मी निघते," त्या म्हणाल्या. "तुम्ही वही घेऊन वर या."

चाळिसाव्या पायरीवर त्या आपणहून बसल्या, पाणी प्यायल्या. सत्तराव्या पायरीवर मांडी थरथरायला लागली. नीरजानं हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. एका पायरीवर दोन्ही पाय टेकवायचे, मग पुढची, असं करत त्या वर पोचल्या आणि ओट्यावर टेकल्या. छाती भात्यासारखी चालली होती.

दाते पुष्कळ वेळानं आले. सदरा घामानं भिजलेला. त्यांनी नुसती वही पुढे केली. कुसुमताईंनी त्यांच्याच खिशातलं तांबडं पेन काढून 'निवृत्त'वर काट मारली, सही केली, पोचल्याची वेळ सात बेचाळीस अशी घातली आणि वही त्यांच्यापुढे सरकवली.

"आता तुम्ही करा. आज पोचलात."

दात्यांनी सही केली. वेळेचा रकाना मात्र मोकळा सोडला. तो कुसुमताईंनी भरला : आठ वाजून अकरा मिनिटं.