दोनदा वाजलेला फोन

कडूबा जाऊन दोन वर्षं झाली, तरी त्यांचा फोन चालू होता. तो त्यांच्या मुलीच्या, सुमेधाच्या नोकरीमुळे.

जालन्यातल्या एका छोट्या कंपनीत ती सॉफ्टवेअर तपासायची, थोडंफार लिहायचीही. बियाणं तपासणाऱ्या प्रयोगशाळेचं काम होतं. उगवण किती टक्के ते भरलं, की नमुना पास की नापास हे सॉफ्टवेअर ठरवायचं आणि त्याच दमात शेतकऱ्याला मेसेज पाठवायचं. चाचणीतला खोटा 'नापास' खऱ्या शेतकऱ्याला जाऊन चालणार नव्हतं. तिनं वडलांचा नंबर टाकला. तो आता कुणी वापरत नव्हतं.

फोन गावाकडे, केदारखेड्याच्या घरात, बुद्धाच्या फोटोखालच्या फळीवर असायचा. आई, दीपमालाबाई, तो रोज चार्जिंगला लावायची. तिला वाचता येत नव्हतं. सुमेधा इकडे बटण दाबायची आणि आईला तिच्या फोनवर विचारायची, वाजला का? वाजला, म्हटलं की वहीत त्या आकड्याशी खूण. दिवसाला वीसेक खुणा. मधल्या वेळात आई विहिरीचं, कुणाच्या लग्नाचं सांगायची. सुमेधा हूं म्हणायची. वडील गेल्यापासून ती बहुतेक गोष्टींना हूंच म्हणत होती.

उन्हाळ्यात एकदा आई म्हणाली, "ह्या टायमाला दोनदा वाजला, सुमे." सुमेधानं दुसरा आकडा टाकून पाहिलं. एकदाच वाजला. आईचं वय झालं असं धरून तिनं खूण केली.

दिवाळीनंतर कंपनीत नवे वरिष्ठ म्हणून बद्रीनाथ सर आले. वही चाळून त्यांनी विचारलं, आईला पगार कोण देतं? मग सांगितलं, ठरवणं वेगळं कर, पाठवणं वेगळं. चाचणीत पाठवणाऱ्याच्या जागी एक नकली बसव. त्यानं काही पाठवायचं नाही, कुणाला काय पाठवायला सांगितलं तेवढं लिहून ठेवायचं.

आठ दिवस लागले. मग चार हजार नमुने एका मिनिटात तपासून झाले. बाहेर एकही मेसेज गेला नाही. पण नकलीनं लिहिलेल्या यादीत ओळी चार हजार एकसष्ट होत्या. उगवण बरोबर सत्तर टक्के, म्हणजे पासच्या हद्दीवरच असली, की त्याच शेतकऱ्याला पासही जात होता आणि नापासही. तिनं वही काढली. उन्हाळ्यातल्या त्या खुणेपुढे सत्तर लिहिलं होतं.

संध्याकाळी आईचाच फोन आला. "आज वाजला न्हाई. बंद पडला का काय?"

आता त्या फोनची गरज नाही, मशीनच लिहून ठेवतं, असं सुमेधानं सांगितलं. मग म्हणाली, "माय, तवा दोनदा वाजल्ता. बराबर होतं तुझं."

"मंग? मी कशाला खोटं सांगू? आता ह्याला चार्जिंगला लावू का नको?"

"लाव."

कशाला, ते आईनं विचारलं नाही. सकाळी शेळी व्याली, दोन करडं झाली, एवढं सांगितलं.

सुमेधाच्या तोंडाशी हूं आलं होतं. "कोणत्या रंगाची?" तिनं विचारलं.