हृदयाचं मधलं दार

मास्तर जेवायला बसले की जेवत नसत, शिकवत. घास तोंडात फिरायला लागला की बोट वर, "आता लाळ मिसळतेय." गिळला की तेच बोट छातीवरून हळूहळू खाली. बायको वैतागायची. "अहो, पोटात गेल्यावर तरी त्याला एकटं सोडा!"

शाळेत जीवशास्त्र शिकवण्यात त्यांची हयात गेली. पोरांनी नाव ठेवलं होतं, रवंथ. कारण गाईसारखंच त्यांचंही एकदा गिळलेलं परत वर यायचं. परवाचा धडा काल, कालचा आज. गाईच्या पोटाचे चार कप्पे ते अशा मायेनं सांगायचे, जशी एखादी आई चार लेकींची सासरं सांगते.

श्वसनात तर त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. मासा कल्ल्यांनी, गांडूळ कातडीनं, झुरळ अंगावरच्या बारीक छिद्रांनी श्वास घेतं, सगळं तोंडपाठ. त्यांची बायको मात्र बिनखिडकीच्या स्वयंपाकघरात, तव्याच्या धुरात, पदर नाकाला लावून श्वास घ्यायची. त्या प्राण्यावर मास्तरांचा अभ्यास नव्हता.

"एक खिडकी पाडून घ्या हो," ती खोकत म्हणायची.

"जरा थांब. मुख्याध्यापक झालो की शाळेच्या आवारातलं घर मिळेल. त्या स्वयंपाकघराला दोन खिडक्या आहेत."

त्या दोन खिडक्यांवर तिनं बरीच वर्षं काढली. शेवटी जुने मुख्याध्यापक निवृत्त व्हायची वेळ आली. खुर्चीला दावेदार दोघं : मास्तर आणि गणिताच्या बाई. वरच्या कार्यालयातले साहेब शाळा बघायला येणार होते, आणि त्यांचा शब्द शेवटचा होता.

गणिताच्या बाईंनी फळा स्वच्छ पुसून ठेवला. मास्तरांनी हृदय मांडलं.

साधंसुधं नव्हे, चालतंबोलतं. पोरं म्हणजे रक्त. एकमेकींना लागून असलेल्या चार वर्गखोल्या म्हणजे गाईच्या हृदयाचे चार कप्पे, उजवीकडे दोन, डावीकडे दोन, मधे बंद पडदा. बेडकाला तीनच कप्पे, त्याचं लाल-निळं रक्त एकत्र होतं, म्हणून मास्तरांच्या लेखी तो कमी प्रतीचा. सभागृह म्हणजे फुफ्फुसं. मैदान म्हणजे उरलेली गाय. पोरांनी निळ्या टोप्या घालून उजव्या खोल्यांत शिरायचं, तिथून सभागृहात जाऊन दणकून श्वास घ्यायचा, टोपी उलटी करून लाल बाजू वर आणायची, मग डाव्या खोल्यांतून ढोलाच्या ठोक्यावर बाहेर पडून मैदानाला फेरी मारायची. टोप्या बायकोनं शिवल्या होत्या. धुरात नको म्हणून शेजारणीच्या ओसरीवर बसून.

रक्त उलटं फिरू नये म्हणून हृदयाला झडपा असतात. डाव्या पहिल्या खोलीच्या दारात ती जबाबदारी शिपाईमामांवर होती. मास्तरांनी बजावलं होतं, "आत आलेला मागं जाता कामा नये. कुणीही असो!" शिपाईमामांना आयुष्यात पहिल्यांदाच कुणी हृदयात जागा दिली होती. ते छाती काढून उभे राहिले.

साहेब आले. आल्याआल्या त्यांना चहा पाजला, मग सरबत, मग पुन्हा चहा. साहेब खूश. म्हणाले, "मीही फिरतो की रक्ताबरोबर!" मास्तरांना आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी स्वतःच्या हातानं साहेबांना निळी टोपी घातली.

उजव्या खोल्या झाल्या. सभागृहात साहेबांनी पोट फुगवून श्वास घेतला, टोपी लाल केली. आणि डाव्या पहिल्या खोलीत पाऊल टाकलं तेव्हा चहा-सरबत-चहा एकदम खाली उतरलं. ते मागं वळले.

"मागं नाही जायचं, साहेब," शिपाईमामा म्हणाले.

"अहो, मला जायचंय!"

"मग पुढं जा की. सगळं रक्त पुढंच जातं."

पुढं खोली पोरांनी गच्च. तिच्या पलीकडे मैदान, म्हणजे मेंदू, जठर, चारही पाय. साहेब एका पायावरून दुसऱ्यावर होऊ लागले. मास्तर गर्दीतून अंग चोरत पोचले. साहेबांनी त्यांच्या कानाशी तोंड नेलं.

"मूत्रपिंडं कुठं ठेवलीत?"

"ते उत्सर्जनात येतं, साहेब," मास्तर अदबीनं म्हणाले. "पुढच्या सत्रात आहे."

मुतारी होती उजव्या खोलीच्या मागच्या अंगाला. डाव्या-उजव्या खोल्यांच्या मधे एक दार होतं, कडी लावलेलं. मास्तरांची बायको तिथंच कोपऱ्यात उसवलेल्या टोप्यांना टाके घालत बसली होती. तिनं साहेबांचं तोंड बघितलं. नवऱ्याचं बघितलं. उठली आणि कडीला हात घातला.

"अगं, नको!" मास्तर ओरडले. "तो पडदा आहे! हृदयाला भोक पडेल!"

"पडू दे. माणूस फुटायला आलाय."

दार उघडलं. साहेब सुसाट गेले. त्यांच्यामागं पोरंही घुसली. इकडची लाल तिकडं, तिकडची निळी इकडं, नुसता काला. मास्तरांनी कपाळ बडवलं. "बेडूक केलात! माझ्या गाईचा बेडूक केलात!" हे वाक्य सगळ्या शाळेनं ऐकलं, आणि मुतारीतून साहेबांनीही.

साहेब परत रक्तात आले नाहीत. मुख्याध्यापक गणिताच्या बाई झाल्या. त्यांनी मास्तरांना बोलावून एवढंच सांगितलं, "उत्सर्जन वर्गातच शिकवा. फळ्यावर."

त्या संध्याकाळी मास्तर जेवायला बसले तेव्हा बोट वर गेलं नाही. आतून खोकला ऐकू आला, थांबला, पुन्हा आला. मग बायको बाहेर आली. हातात कोळसे फोडायचा हातोडा.

"खुर्ची गेली ती माझ्यामुळं. बोला काय बोलायचं ते."

मास्तरांनी ताट बाजूला सरकवलं.

"मग उठा. हृदयाला भोक पाडलं, आता भिंतीला पाडू."

"अगं, घरमालक काय म्हणेल?"

"सांगा त्याला, पुढच्या सत्रात बुजवतो."

मास्तर उठले. पहिला घाव अगदीच मिळमिळीत बसला, दुसऱ्याला पोपडे उडाले. बऱ्याच वेळानं एक वीट पलीकडे पडली आणि वीतभर भोकातून गार हवा आत आली. बायकोनं तिथं तोंड नेलं. मास्तरांनी सवयीनं बोट वर केलं, "आता हवा श्वासनलिकेतून..."

"गप बसा," ती म्हणाली. "घेऊ द्या."