न्यूट्रिनोचं वजन

आपली चूक सापडली म्हणून पेढे वाटणारा माणूस साऱ्या धाराशिव जिल्ह्यात एकच, आमचे कॉलेजातले फिजिक्सचे सर. ऐंशी ओलांडली, तरी कुठं नवा शोध लागला की सरांना घर पुरत नाही. कटिंगच्या दुकानात कुणी मोबाइल दाखवून म्हणालं, "हे सगळं आपल्या पोथ्यांत आधीच होतं," तर सर भांडत नाहीत. "व्हय? पान सांगा, चष्मा आणतो," म्हणत बाकावर ठिय्या देतात. तो बिचारा अजून पान शोधतोय.

न्यूट्रिनो नावाच्या अतिसूक्ष्म कणाला वजनच नसतं, असं सरांनी आम्हाला शिकवलं. पुस्तकातही तेच होतं. पुढं शास्त्रज्ञांना कळलं, असतं! नावापुरतं, पण असतं! रिटायर झाल्यावर सरांनी जुन्या हजेऱ्या काढल्या आणि एसटीनं एकेक विद्यार्थी गाठायला निघाले. कळंबच्या अडतीवर ऐन लिलावात शिरून म्हणाले, "अरे, मी तुला चुकीचं शिकवलं!" अडत्या म्हणाला, "सर, आधी ज्वारीचं वजन होऊ द्या की."

परवा माझ्या दारात हजर. "पेपरात तू 'थोडं वजन असेल' लिहिलंस आणि मी शून्य दिलं. तू बरोबर होतीस!"

नात माझ्याकडं डोळे फाडून बघू लागली. आता खरं सांगते, त्या वयात रिबीन ओढणीला जुळते का, एवढंच माझं संशोधन. आयता मान घ्यावा असं क्षणभर वाटलंही. पण सरांचा चेहरा बघून धीर झाला नाही.

"सर, म्या ठोकून दिलं होतं. आमचे दादा म्हणायचे, धुळीलाबी वजन असतं."

"मग हे तर निरीक्षण झालं!" सरांनी टाळीच वाजवली. "आता एकच राहिला. तामलवाडीचा."

"सर... तो गेला. दिवाळीच्या आधी."

सर खुर्चीत टेकले. "म्हणजे माझी चूक घेऊनच गेला." मग एकदम उठून म्हणाले, "गाडी किती वाजता आहे?"

"आता कुणाला सांगणार?"

"त्याची लेक शाळेत शिकवते. त्यानं तिला सांगितलं असलं तर?"

मीही सोबत निघाले. गाडीत सर खिडकीशी बसले. मांडीवर हजेरी उघडी. बाकीच्या नावांपुढं खुणा होत्या. त्या एका नावावर त्यांनी तामलवाडी येईतोवर नुसतं बोट ठेवलं होतं.