जबाबातला एकच ‘मी’

“सर, भाषांतर तयार हाय. नजर टाकून सही करा, एवढंच,” म्हणत वकील देसाईबाईंनी फाइल टेबलावर ठेवली.

शाहूवाडीकडच्या एका खेड्यात शेजाऱ्याच्या गोठ्यात खून झाला होता. त्यात नामदेव नावाचा शेतकरी जन्मठेप भोगत होता. अपिलासाठी त्याचा मराठी जबाब इंग्रजीत हवा होता.

मी रिटायर्ड मास्तर. पाद्री होऊ पाहणाऱ्यांना कोल्हापुरात पंचवीस वर्षं बायबलसाठी लागणारी प्राचीन ग्रीक शिकवली. नंतर कोर्टाची भाषांतरं तपासून द्यायला लागलो.

मूळ जबाब काढला. लिहून घेणाऱ्यानं बोली तशीच ठेवली होती, हे नशीब. “सांजंला गोठ्याकडं गेलतो. दारात उभा ऱ्हायलो. आरडाओरडा ऐकून घाबरलो. मी न्हाय गेलो आत.”

शेवटच्या वाक्यावर थांबलो. ग्रीकच्या पहिल्या वर्षाला हेच शिकवायचो. ग्रीकमध्ये क्रियापदाच्या शेवटावरूनच कर्ता कळतो, आपल्या ‘गेलो’सारखा. ‘मी’ला ‘एगो’ हा शब्द आहे, पण गरज नसताना तो घालत नाहीत. घातला, की त्यावर वजन येतं. बाकीच्यांचं सोडा, माझं विचारा, असं काहीसं.

नामदेव तीन वाक्यं ‘मी’शिवाय बोलला होता. चौथ्यात तो पहिल्यांदा आला. इंग्रजीत मात्र चारही वाक्यं ‘आय’नंच सुरू होत होती. वजन पुसलं गेलं होतं.

हे मी बाईंना दाखवलं.

“म्हंजे दुसरं कोणतरी आत गेलं?”

“तसं तो म्हणालेला नाही.”

“पण अर्थ तोच की सर! लिहा तसं.”

“नाही. त्या एका ‘मी’वर जोर येईल असं वाक्य करतो, खाली टीप देतो. त्यापुढचं त्याला विचारा.”

बाई थोड्या रागावूनच गेल्या.

आठवड्यानं तुरुंगातून थेट माझ्याकडं आल्या. समोरच्या चहाला हात लावला नाही. आत कोण गेलं, असं त्यांनी नामदेवला सरळ विचारलं होतं. तो म्हणाला, “दादा गेलता आत. आई हुती तवर त्याचं नाव घेनार नव्हतो. पर खोटंबी बोललो न्हाय. कुनी इचारलंच न्हाय, मग कोन गेलं.”

आई मागच्या साली वारली होती.

वरच्या कोर्टानं नव्यानं साक्षी घ्यायला लावल्या. थोरल्या भावानं खाली मान घालून कबुली दिली. तुरुंगात सहा वर्षं काढून नामदेव सुटला.

एके दिवशी तो दारात उभा राहिला. “तुमीच व्हय ते मास्तर?”

“या, बसा.”

तो बसला. हातातली टोपी फिरवत राहिला. “सुटलो बघा. पर आता दादा आत हाय.”

उठलो. पाणी दिलं. तो प्यायला आणि गेला.

हल्ली भाषांतर तपासायला आलं, की इंग्रजी बाजूला ठेवतो. आधी मूळ जबाब मोठ्यानं वाचतो. वकिलांना तेवढा वेळ थांबावं लागतं.