मोडीतल्या कागदाखालची सही

चौथीनंतर शाळा सुटली, सही मात्र झोकदार. कोकणातून पिंपरीला कारखान्यात लागलो तेव्हा चिंचवडच्या एका शेतकरी दादांनी मला पडवी राहायला दिली. वहिनी सख्ख्या दिरासाठी काढाव्यात तशा माझ्या भाकऱ्या दुरडीत झाकून ठेवायच्या.

एका दुपारी शिफ्टवरून आलो, तर अंगणात हवालदार. त्याच्या पायाशी शेजाऱ्याची चोरीला गेलेली मोट, विहिरीचं पाणी ओढायची, नव्या चामड्याची. पंच हवे होते. गावकरी एकेक करून सटकले.

"सही येते का रे?"

"येते की, साहेब!"

त्या प्रश्नानंच मी फुगलो. पंचनामा मोडी लिपीत लिहिलेला. मला शाळेतलं बाळबोध तेवढं येई. पण तसं सांगायचं कसं? खाली सही ठोकली, शेपटीसकट.

मोट माझ्यासमक्ष दादांच्या गोठ्यातून काढली, असं त्यात होतं. हे कळलं ते दादांवर खटला उभा राहिल्यावर. तरी माझी भाकरी बंद झाली नाही.

पुण्याच्या कोर्टात दादा आरोपीच्या पिंजऱ्यात, हात जोडून. मी शपथ घेतली. दादांच्या वकिलांनी विचारलं, "सही करण्याआधी वाचलंत?"

"हो."

एवढ्या लोकांदेखत दुसरं काही तोंडातून निघेचना.

"मग वाचून दाखवा."

मी कागद डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. मागून कुणीतरी म्हणालं, "उलटा धरलाय का बघा, राव!" हशा पिकला.

जज्जसाहेबांनी सगळ्यांना गप्प केलं. मला म्हणाले, "वाचता येत नाही हा गुन्हा नव्हे. डोळ्यांनी काय पाहिलंत तेवढं सांगा."

कोर्ट म्हणजे शिक्षा द्यायची जागा, एवढंच मला ठाऊक. हवालदारानं माझ्याकडे फक्त सही मागितली होती. मी काय पाहिलं, हे पहिल्यांदा तिथं विचारलं गेलं.

"मोट अंगणातच पडलेली होती, साहेब. गोठ्यात मी गेलोच नाही. मघाशी खोटं बोललो."

निकालाच्या दिवशी दादा सुटले. परतताना गाडीत मी म्हणालो, "दादा, माझं चुकलं."

"सही लई झ्याक हाय तुझी, भावा," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "पर जरा कमी करत जा."

दारात वहिनी उभ्या होत्या. "काय झालं?"

"सुटलो. आपल्या पाव्हण्यानं खरं सांगितलं."

त्या रात्री वहिनींनी माझ्या ताटात एक भाकरी जास्त वाढली. माझं कोर्टातलं आधीचं 'हो' दादांनी त्यांना कधीच सांगितलं नाही. मीही नाही.