बाईंची बादली

आमच्या नाशिकच्या शाळेतल्या चौथीच्या बाई स्मार्ट बोर्डाशेजारी पाण्याची बादली ठेवतात. वस्तू तरंगेल की बुडेल, याचा अंदाज मुलांनी आधी वहीत लिहायचा, मगच पडद्याला बोट लावायचं आणि पडदा म्हणेल ते बादलीत तपासायचं. ज्या बोर्डापुढे नारळ फुटला, तीन भाषणं झाली, त्याच्यावर इतका अविश्वास दाखवणारं दुसरं कुणी शाळेत नाही.

परवा तपासणीला साहेब आले. बाईंची बढती त्यांच्या शेऱ्यावर अवलंबून होती. नेमका तेव्हाच पडद्यावर द्राक्षाचा मणी तरंगला.

मळ्यात राहणारी एक मुलगी उठली. "बाई, हे खोटं हाय. द्राक्ष बुडतं."

"तज्ज्ञांनी बनवलंय ते," साहेब म्हणाले.

बाईंनी आपल्या जेवणाच्या डब्यातला द्राक्षाचा मणी त्यांच्या हातावर ठेवला. "साहेब, तुम्हीच टाका."

मणी तळाला गेला. साहेबांनी पेन बाजूला ठेवलं आणि दुसरा मणी मागितला.